उसाच्या बेटावरची बाराखडी

परदेशी जाऊन आलेल्या मराठीच्या प्राध्यापकाकडे लोक जरा संशयानेच पाहतात. रसायनशास्त्राचा माणूस जर्मनीला गेला, अर्थशास्त्राचा विलायतेला गेला, तर कोणाला वावगे वाटत नाही. पण मराठीचा माणूस समुद्र ओलांडून तिथे कोणाला काय शिकवणार? आमच्या समोर राहणाऱ्या निवृत्त तहसीलदारांनी हा प्रश्न मला जिन्यातच विचारला, आणि मी 'मॉरिशस' असे उत्तर देताच ते डोळे मिचकावून म्हणाले, "अहो, पण तिथे तर लोक मधुचंद्राला जातात!" सौभाग्यवती दोन पायऱ्या वर उभ्या होत्या. त्यानंतरचा आठवडा मला घरात फार जपून बोलावे लागले.

खरी गोष्ट साधी होती. आमच्या महाविद्यालयाचा तिकडच्या शिक्षकांशी देवाणघेवाणीचा एक छोटासा कार्यक्रम आहे. तिकडच्या एक मराठी शिकवणाऱ्या बाई आमच्याकडे महिनाभर राहून गेल्या होत्या. त्यांच्या बदली मी २०२५ च्या ऑगस्टमध्ये तीन आठवडे तिकडे जायचे ठरले. राहायचे त्यांच्याच घरी, आणि शिकवायचे त्यांच्याच वर्गावर. माझ्या बॅगेत भाकरवडीची चार पाकिटे होती, संतवाङ्मयावरची दोन व्याख्याने होती आणि एक स्वेटर होता. त्यातल्या स्वेटरचा उपयोग सर्वांत आधी झाला.

होय, स्वेटरचा! विषुववृत्ताच्या खाली गेले की ऋतू उलटे होतात हे आपण भूगोलात शिकतो आणि विसरतो. मुंबईहून सहा-साडेसहा तासांत विमान उतरले, आणि आमचा श्रावण तिकडे हिवाळा होऊन बसला होता. किनाऱ्यावर ऊन होते, पण बाईंचे घर बेटाच्या मधल्या पठारावर, क्यूरपीपच्या बाजूला. तिथे दिवसभर बारीक भुरभुर, धुके आणि बोचरे वारे. महाबळेश्वरला आषाढात जाऊन राहिल्यासारखे वाटले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस आणि उसाला रुपेरी तुरे. मध्येच शेतात काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग रचलेले, एखाद्या पडक्या देवळाच्या शिखरासारखे. हे बेट ज्वालामुखीचे. ऊस लावण्याआधी जमिनीतले हे दगड माणसांनी हातांनी वेचून काढले आणि तिथेच रचून ठेवले. कोणत्या माणसांनी, ते वेगळे सांगायला नको.

थोडा इतिहास सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही, वाचकांनी सोसावा. डच आले आणि गेले, मग फ्रेंच आले, आणि १८१० मध्ये इंग्रजांनी बेट घेतले. १८३५ मध्ये इथली गुलामगिरी कायद्याने संपली. मळेवाल्यांना मजूर हवे होते. ते करार करून हिंदुस्थानातून आणायला आधीच्याच वर्षी, १८३४ मध्ये, सुरुवात झाली होती. पुढल्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसे अशी आली. बहुतेक बिहारकडची, कलकत्त्याहून निघालेली, पुष्कळशी मद्रासेकडून, आणि थोडी, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, मुंबई बंदरातून. ही शेवटची आपली, मुख्यतः कोकणची. पोर्ट लुई बंदरात ज्या ठिकाणी त्यांना उतरवून घेत, त्याला पूर्वी 'कुली घाट' म्हणत. आज त्याचे नाव 'आप्रवासी घाट' आहे आणि २००६ पासून तो जागतिक वारसा मानला जातो. काळ्या दगडाच्या सोळा पायऱ्या आहेत. मी त्या मोजल्या. शेजारून हमरस्त्यावरच्या मोटारी इतक्या वेगाने जात होत्या की गंभीर व्हायला सवड मिळेना.

आता भाषेकडे वळतो, कारण माझे सगळे तीन आठवडे तिच्यातच गेले. बाईंच्या घरी सकाळी सात वाजता जे ऐकू येई त्याची मला मोठी गंमत वाटे. नळाला पाणी आले की नाही हे क्रिओलमध्ये विचारले जाई. वर्तमानपत्र फ्रेंचमध्ये वाचले जाई. मुलाच्या दप्तरातली पुस्तके इंग्रजीत. देवापुढची प्रार्थना मराठीत. आणि बाईंचे सासरे, ज्यांना सगळे घर भोजपुरी वळणाने 'दादा' म्हणे, ते शेजाऱ्याशी कुंपणावरून भोजपुरीत बोलत. तिथल्या विधिमंडळाची भाषा इंग्रजी, पण सभासदाला फ्रेंचमध्ये बोलण्याची मुभा आहे. नोटेवर इंग्रजी, तमिळ आणि देवनागरी अशा तीन लिप्या. १९९८ साली छापलेल्या नव्या नोटांवर तमिळचा क्रम हिंदीच्या खाली गेला, तेव्हा एवढा गदारोळ झाला की त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या. आपल्याकडे पाट्यांवरून काय काय होते ते आठवून मला अगदी घरी आल्यासारखे वाटले.

क्रिओल ही मोठी गोड आणि मोठी चतुर भाषा आहे. तिचे शब्द फ्रेंचचे, पण तिने ते फ्रेंचला न विचारता घेतले आहेत. फ्रेंचमध्ये पाण्याच्या आधी लागणारी अव्यये तिने पाण्यालाच चिकटवून टाकली, आणि पाणी झाले 'दिलो'. तसाच तांदूळ 'दिरी', पाऊस 'लाप्ली', घर 'लाकाज', आणि पक्षी, एक असला तरी अनेकवचनाचे शेपूट पुढे लावून, 'झ्वाझो'! 'श' तिला नकोसा वाटतो, त्याचा ती 'स' करते. क्रियापदाला तर लिंग, वचन, पुरुष काही म्हणजे काही नाही. 'मी गेलो', 'मी गेले', 'ती गेली', 'ते गेले' या सगळ्यांना एकच रूप पुरते. गुलामगिरीत निरनिराळ्या देशांच्या माणसांनी एकमेकांशी बोलता यावे म्हणून जी भाषा घडवली, तिने अनावश्यक सामान बोटीवरच टाकून दिलेले दिसते. ही भाषा अडाण्यांची, व्याकरण नसलेली, असे तिथल्याच काही शिकलेल्या लोकांनी मला सांगितले. मला ते मुळीच पटले नाही. कोणत्याही वैयाकरणाला हेवा वाटावा अशी तिची काळदर्शक अव्ययांची मांडणी आहे.

पण जिच्या घरात क्रिओल आहे त्या पोराला मराठी शिकवून पाहा!

प्राथमिक शाळेत घंटा होते आणि एक वर्ग चार-पाच ठिकाणी फुटतो. हिंदीची मुले एका खोलीत, उर्दूची दुसऱ्या, तमिळ, तेलुगू, चिनी अशी जिथे असतील तिथे, आणि मराठीची, आमच्या शाळेत, ग्रंथालयाच्या मागच्या अरुंद खोलीत. हा 'पूर्वजांच्या भाषे'चा तास. २०१२ पासून याच तासाला क्रिओलही घेता येते. बाईंच्या वर्गात सात मुले होती. सात. आधीच्या वर्षी अकरा होती, असे त्या सहज म्हणाल्या, आणि खडू शोधू लागल्या.

मुले आम्हांला 'मिस' आणि 'गुरुजी' म्हणत. पहिल्या दिवशी एका चुणचुणीत मुलाने उभे राहून वाचले, "माझा आई बाजारला गेला." मग आपण काहीतरी फार चांगले केले आहे अशा मुद्रेने तो खाली बसला. बाईंनी ते वाक्य फळ्यावर लिहिले आणि मुलांना विचारले, आई कोण? बाई की बुवा? मुले म्हणाली, बाई. मग 'माझा' कसे? एक लहानशी मुलगी म्हणाली, "मिस, आई बाई आहे, पण बाजार बुवा आहे ना? आई बाजारला गेला." या तर्काला माझ्याजवळ एम. ए. ची पदवी असूनही तत्काळ उत्तर नव्हते. बाईंजवळ होते. त्यांनी सातही मुलांना उठवले, मुलींना उजवीकडे आणि मुलांना डावीकडे उभे केले आणि 'गेला-गेली' असा चक्क खेळ मांडला. खुर्ची कोणत्या बाजूला, दप्तर कोणत्या बाजूला? दप्तर बिचारे मध्येच उभे राहिले.

दुसरी अडचण 'ळ'ची. 'कमळ', 'फळ', 'सकाळ' हे शब्द 'कमल', 'फल', 'सकाल' होऊन येत. लिहितानाही ते अक्षर मुलांना अवघड जाई. दोन गाठींचे ते वळण मध्येच सुटे. पुण्यातली माझी पदवीच्या वर्गातली मुले मोबाईलवर रोमन लिपीत मराठी लिहितात आणि 'ळ' आणि 'ल' यांच्यात भेदच ठेवत नाहीत, हे मी बाईंना सांगितले नाही. उगाच त्यांचा धीर खचला असता.

संतवाङ्मयावरची व्याख्याने एकदाच कामी आली, एका मराठी मंडळींच्या सभेत. समोर साठ-सत्तर माणसे, स्वच्छ धोतरे, नऊवारी पातळे, हार्मोनियम. भाषण संपल्यावर एका वृद्ध गृहस्थांनी मला क्रिओलमध्ये विचारले आणि बाईंनी भाषांतर केले. मराठीला २०२४ मध्ये अभिजात भाषा म्हणून मान्यता मिळाली असे त्यांनी वाचले होते. तर आता त्यामुळे आमच्या शाळेला एक मास्तर जास्त मिळेल का? सभेत हशा पिकला. ते गृहस्थ मात्र हसत नव्हते.

खाण्याविषयी लिहिले नाही तर दिवाळी अंकाचे वाचक मला क्षमा करणार नाहीत. रस्त्यावर, काचेच्या पेटीत, ओल्या फडक्याखाली 'दाल-पुरी' असते. तलम, मऊ, आत डाळीचे कोरडे सारण. गूळ घालायचा विसरलेली पुरणपोळीच ती! नेहमी दोन-दोनच्या जोडीने देतात आणि वर शेंगांचा रस्सा, टोमॅटोचे रुगाय, तिखट चटणी घालून कागदात गुंडाळतात. बिहारी माणसांनी आणली, चिनी दुकानदारापासून फ्रेंच साहेबापर्यंत सगळे खातात. मंडईत गेलो तर मी शब्दांच्याच मागे लागलो. कोथिंबिरीला 'कोतोमिली' आणि दोडक्याला 'पिपांगाय', दोन्ही तमिळ माणसांनी दिलेली नावे. वांग्याला 'ब्रेंझेल' आणि कारल्याला 'मारगोझ', यांत पोर्तुगीज डोकावतो. मराठी नाव एकाही भाजीला सापडले नाही. आपली माणसे थोडी होती आणि बहुधा न बोलता भाजी घेत असावीत.

दादांचा आणि माझा स्नेह जमला तो याच सुमारास. वय अठ्ठ्याहत्तर. आयुष्यभर साखर कारखान्यात यंत्रावर काम केलेले. मराठी वाचता येत नाही, पण गणपतीची आरती एकाही शब्दावर न अडता म्हणतात. एका रात्री त्यांनी कपाटातून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेला एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. मोका येथे महात्मा गांधी संस्था आहे. १९७० च्या कायद्याने ती स्थापन झाली. तिथे मराठीसह भारतीय भाषा शिकवतात, आणि तिथेच करारी मजुरांच्या नोंदवह्या ठेवल्या आहेत. प्रत्येक माणसाला एक क्रमांक, मग नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरच्या खुणा, जिल्हा, गाव. आपल्या पूर्वजाची नोंद लोक तिथून उतरवून आणतात. दादांनी आपल्या खापरपणजोबांची आणली होती. आडनाव नव्हतेच. त्या माणसाचे नुसते नाव कारकुनाने ऐकू आले तसे लिहिले आणि तेच पुढे घराण्याचे आडनाव झाले. मॉरिशसमध्ये हजारो घरांची हीच कथा आहे. छायाचित्र नव्हते. छायाचित्र चिकटवलेला परवाना जुन्या मजुरांच्या गळ्यात बांधला तो १८६७ च्या कायद्याने. त्याआधीच हे गृहस्थ उसात दिसेनासे झाले होते.

दादांनी एका ओळीवर बोट ठेवले. जिल्हा: रत्नागिरी. गाव: 'वारी'.

"गुरुजी," बाईंनी त्यांचा प्रश्न मला सांगितला, "डिसेंबरात दादांना भारतात यायचं आहे. एकदाच. सगळे म्हणतात काशीला जा. ते म्हणतात, आधी या गावाला जाणार. हे गाव कुठं आहे?"

मी बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिलो. 'वारी' म्हणजे उघडच 'वाडी'. त्या काळच्या इंग्रजी लिखाणात 'ड'चा असा 'र' सर्रास होई. सावंतवाडीलासुद्धा इंग्रज नुसते 'वारी' लिहीत. पण सावंतवाडी हे तेव्हा वेगळे संस्थान होते, रत्नागिरी जिल्ह्यात ते नव्हते. आणि रत्नागिरी जिल्ह्यात वाड्या किती? प्रत्येक गावाला सात-आठ. बाणकोटच्या खाडीपासून गोव्याच्या हद्दीपर्यंत, देवळे आणि माड मोजावेत तशा वाड्या. मी दादांना हे सांगितले. कुठली तरी एक बरीशी वाडी सांगून म्हाताऱ्याला समाधान द्यावे, असा मोह होण्यासारखा प्रसंग होता. पण एवढ्या लांबून येऊन माणसाने खोट्या वेशीला नमस्कार करावा, हे मला बरे वाटेना. दादांनी कागद पिशवीत घातला आणि पिशवी कपाटात ठेवली. काही बोलले नाहीत.

मग गणेशचतुर्थी आली. तिकडे त्या दिवशी सरकारी सुट्टी असते. ओढ्याकडे, समुद्राकडे मिरवणुका निघाल्या. पोरे फेर धरून 'झाकरी' नाचत होती. आपली कोकणातली जाखडीच ती, पायांतल्या घुंगरांसकट! मोदकही होते, तांदळाच्या पिठाचे. नारळ खवताना बाईंच्या घरात चाललेली बोलणी मात्र सगळी क्रिओलमध्ये.

सुट्टीनंतर बाईंनी वर्गाला एक घरचा अभ्यास दिला. कल्पना त्यांचीच. पुस्तकात पाहायचे नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारायचे की तुम्हांला मराठी शब्द कोणते आठवतात, आणि लिहून आणायचे. सात मुलांनी एकतीस शब्द आणले. आरती, मोदक, हळद, ओटी, आजी, मामा हे अपेक्षितच होते. एका मुलीने 'गप' हा शब्द आणला. तिची आजी रागावली की म्हणते. दुसऱ्या एकाने 'मेल्या' आणला. अर्थ त्याला ठाऊक नव्हता, पण घरात तो कोणाला उद्देशून म्हणतात हे पक्के ठाऊक होते. मला हसू आवरेना. प्रार्थनेची भाषा टिकते हे ग्रंथांत वाचले होते. शिव्यांच्या चिवटपणाचे श्रेय कोणी देत नाही.

बाईंचा स्वतःचा मुलगा त्याच वर्गात. 'आई बाजारला गेला' म्हणणारा तोच. त्याने दादांकडून दोन शब्द आणले होते, आणि बाईंनी त्या दोन्हींवर तांबडी रेघ मारली होती, कारण पाठ्यपुस्तकाच्या मराठीत ते कुठेच नाहीत. शब्द होते 'खंय' आणि 'माका'.

मी वही घेऊन उठलोच. "बाई, हे चुकलेलं नाही हो!" मी म्हणालो. "ही मालवणी आहे. 'कुठे' आणि 'मला'!"

त्या संध्याकाळी दादांसमोर पुन्हा तो कागद उघडला. शब्द त्यांच्या आजीचे होते. ती अंगणात कोंबड्या शोधत 'खंय' म्हणत फिरायची आणि भात वाढताना 'माका' म्हणायची, एवढे त्यांना पक्के आठवत होते. पुढचे वाक्य आठवत नव्हते. मी त्यांना समजावून सांगितले. 'माका-तुका' बोलणारा मुलूख दक्षिणेकडचा. देवगड, मालवण, वेंगुर्ले हे भाग त्या काळी रत्नागिरी जिल्ह्यातच होते. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो १९८१ मध्ये. म्हणजे कागद आणि आजी एकमेकांशी भांडत नाहीत. आजी अर्थात लग्न होऊन दुसऱ्या घरातून आलेली. पण त्या काळी इथे सोयरीक होई ती आपल्याच किनाऱ्याकडच्या माणसांत, तेव्हा तिची साक्ष अगदीच टाकाऊ नाही. वाडी कोणती ते मला सांगता येणार नाही. पण अर्धा किनारा तरी सोडून देता येईल.

दादांनी हे सगळे बाईंच्या तोंडून ऐकून घेतले. एकदा नव्हे, दोनदा. मग त्यांनी विचारले ते अगदी व्यवहाराचे. मुंबईहून त्या बाजूला गाडी जाते का? मी म्हणालो, जाते. कोकणकन्या नावाची गाडी आहे, रात्री बसले की सकाळी कुडाळ. पुढे? पुढे एस. टी., मालवणला जाते, वेंगुर्ल्याला जाते. उतरून कोणाला विचारायचे? मी म्हणालो, कोणालाही विचारा, आणि तुमच्या आजीच्या शब्दांनी विचारा.

दादांनी नातवाला हाक मारली, त्याच्या हाती पेन्सिल दिली आणि कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूला स्टेशनाचे नाव लिहायला सांगितले. देवनागरीत. तो टेबलावर ओणवा झाला. 'कु' लिहिला, 'डा' लिहिला, आणि थांबला. आईकडे पाहिले, ती मुद्दाम खिडकीबाहेर पाहत होती. मग त्याने जीभ दातांत धरली आणि 'ळ'ची पहिली गाठ काढायला घेतली.